फोनसमोर पाय धरायचा कसा?

मंडळी, आज सकाळी पलूसला घरूनच सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवलं. त्यांना शुगर आहे आणि तळपायाला, बोटाच्या खाली जखम झालीय.

डॉक्टर म्हणाल्या, "पाय कॅमेऱ्यासमोर धरा."

सासूबाईंनी पाय लुगड्यात ओढला. "आवं, डाक्टरीणबाईच्या तोंडाम्होरं पाय धरू व्हय? पाप लागंल!"

मी लय चिडले. डॉक्टर मात्र हात जोडून वाकल्या. "आजी, पाया पडते. आता तरी पाय पुढं करा."

पाय लगेच पुढं आला. "औक्षवंत हो, बाळा!"

जखम बघताच त्यांनी दुपारीच सांगलीला बोलावून घेतलं. तिथं जखम साफ करताना म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता, तर बोट गेलं असतं.

डॉक्टरताई, तुमचे उपकार विसरणार नाही.

तुमच्या घरातली म्हातारी माणसं फोनसमोर का अवघडतात, कधी विचारलंय? मी तरी आजपर्यंत नुसतीच ओरडत होते.