चिपळूणच्या वेळेचे सतरा रोजे

चंदीगडमध्ये मी ओळीने सतरा रोजे चिपळूणच्या वेळेने धरले आणि सतराच्या सतरा फुकट घालवले. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. अक्कल मात्र अजून दुधाच्या दातांची.

मुलगा इथल्या विद्यापीठात शिकवतो, म्हणून मी त्याच्या क्वार्टरवर राहायला आले होते. रमजान त्या वर्षी जूनमध्ये आला. येताना ट्रंकेत आंबोळ्यांच्या तव्याबरोबर आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचं वेळापत्रक आणलं होतं. पहाटेचं जेवण, म्हणजे सहेरी, कधी संपवायची, रोजा कधी सोडायचा, सगळं छापलेलं. ते मी फ्रिजवर चिकटवलं. इथे मशीद लांब, अजान कानावर पडत नसे. सून पहिल्याच दिवशी मोबाइल दाखवून म्हणाली की इथली वेळ वेगळी आहे. मी तिला ऐकवलं, कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज मी मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरांना बोटांवर शिकवलेत, मला मोबाइल शिकवू नकोस.

ती बिचारी आपली इथल्या वेळेने रोजे धरू लागली. पहाटे माझ्याआधी तासभर उठून जेवायची. मला वाटायचं, काय खादाड आहे ही. संध्याकाळी मी खजूर तोंडात टाकला तरी हिची भजी तळून होत नसत. मी मनात म्हणे, हिला अजून कामाचा उरक नाही. मुलगा तर रोजा मशिदीतच सोडायचा, त्यामुळे मला टोकणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

सतराव्या दिवशी नातीचा पहिला रोजा होता. नऊ वर्षांची पोर. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि ही कूलरसमोर उताणी पडून दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होती. पण पाण्याच्या थेंबाला शिवली नाही. संध्याकाळी नवा शरारा, गळ्यात मोगऱ्याचा हार. उन्हासाठी पडदे ओढलेलेच होते. माझ्या कागदावरची वेळ झाली. सून आतून म्हणाली, "अम्मी, जरा थांबू या ना." मी थांबते होय? दुआ म्हटली आणि खजूर पोरीच्या तोंडात घातला. पाणीही पाजलं. मग फोटोसाठी तिला गॅलरीत घेऊन गेले.

समोर अमलताशाच्या झाडामागे सूर्य चांगला गरगरीत बसलेला होता.

पोरगी चावता चावता थांबली. मग हार काढून खुर्चीवर ठेवला आणि आत जाऊन पांघरुणात शिरली. रडण्याचा आवाजसुद्धा नाही. तो आला असता तर मला बरं वाटलं असतं.

मुलाने मौलानांना फोन केला. त्यांनी सांगितलं, लहान मुलांवर रोजा फर्ज, म्हणजे सक्तीचा, नाही, तिच्यावर काहीच नाही. आजींची चूक नकळत झाली, पण सहेरीही इथल्या वेळेनंतर होत होती, तेव्हा त्यांनी सगळे रोजे पुन्हा धरावेत. नातीला हे समजावलं, पण तिचं उत्तर एकच, की मग तिचा पहिला रोजा झालाच नाही. आईनेच तिला पहाटे उठवून वेळेत खाऊ घातलं होतं. फक्त शेवटचा पाव तास उरला होता आणि तोच मी खाल्ला.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कागद मी स्वतः फ्रिजवरून काढला, सुनेसमोर कान पकडले आणि मग पोरीच्या शेजारी जाऊन बसले. तिला सांगितलं, तुझी चूक नव्हती, माझी होती, आणि माझे सतरा मी डिसेंबरात फेडणार. डिसेंबर का, असं तिने भिंतीकडे बघतच विचारलं. म्हटलं, तेव्हा दिवस छोटा असतो गं, तुझी दादी लबाड आहे. ती हसली नाही, पण वळली. माझ्याकडे बघून म्हणाली,

"पक्का? तो एक मैं भी रखूँगी. पर दादी, खजूर इस बार मम्मी खिलाएँगी."