जरा घाण लिही

माझं अक्षर चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळा घोळ त्यामुळेच झाला. दहावीपर्यंत शाळेच्या फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचे. पुढे शिकले नाही. कोलाडच्या बाजूच्या आमच्या गावातून तेव्हा मुलीला बाहेर पाठवायला कोणी तयार नव्हतं. आता रोह्यात अंगणवाडी सेविका आहे. तपासणीला येणाऱ्या बाई रजिस्टर उघडलं की आधी अक्षराचं कौतुक करतात, मग चुका काढतात.

मुलगी मात्र शिकणारी निघाली. दहावीला तिला इतके मार्क पडले की आमच्या ह्यांनी कंपनीत अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. तिथेच कोणीतरी ह्यांच्या कानात भरवलं, पोरीला पेणच्या क्लासला घाला. इंटिग्रेटेड म्हणतात त्याला. म्हणजे प्रवेश रोह्याच्या कॉलेजात, तोही कागदावर, आणि पोरगी सकाळच्या गाडीने पेणला जाऊन संध्याकाळपर्यंत क्लासमध्ये बसणार. हे सगळं कशासाठी, तर मोठ्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात नंबर लागावा म्हणून. क्लासच्या सरांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं, प्रवेश परीक्षेत रँक लागतोच, पण बारावीला पंचाहत्तर टक्केही लागतात; ते नसतील तर रँक घेऊन घरी बसा. सगळे पालक हसले. मीपण हसले. माझ्या पोरीला नव्वदच्या खाली मी कधी बघितलंच नव्हतं!

मग टेस्ट सुरू झाल्या. दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी दुपारी पालकांच्या ग्रुपवर यादी. वरच्यांची नावं हिरवी, खालच्यांची लाल. मी तेव्हा अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत असायचे. फोन वाजला की हातातला डाव तसाच राहायचा. एक लहानगी तर म्हणायची, "बाई, वाढा ना!" पहिल्या यादीत माझी पोरगी मधे कुठेतरी होती. पुढच्या महिन्यात लाल झाली. ह्यांच्या प्लांटमध्ये फोन न्यायला बंदी, म्हणून जेवणाच्या सुट्टीत गेटवर येऊन फोन करायचे. "आली काय गो यादी?"

"नाय आली अजून," मी सांगायचे. फोन हातात, यादी उघडी, आणि मी तोंडाने धडधडीत खोटं बोलतेय. काय सांगणार होते?

ती घरी आली की तोंडावरूनच कळायचं. रागावत नव्हती, रडत नव्हती. जेवता जेवता वही उघडायची. मी विचारायचे, "काय अडतंय, बाय?" ती म्हणायची, "सांगून तुला कळणार आहे का?" खरंच होतं ते. शेजारी जाऊन बसले तर वहीत सगळ्या गिचमिड खुणा, एक अक्षर ओळखीचं नाही. मी डबा करून देऊ शकत होते, स्टेशनपर्यंत सोडू शकत होते, डोक्याला तेल लावू शकत होते. त्याच्या पुढे माझं काही चालत नव्हतं. आई म्हणून इतकं बिनकामाचं मला कधी वाटलं नव्हतं.

म्हणून डिसेंबरात जर्नलचा विषय निघाला तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची जाडजूड वही. प्रयोग केला, काय दिसलं, आकडे किती आले, सगळं त्यात लिहायचं. आता ह्या पोरांनी प्रयोग केलेत कुठे? कॉलेजचं तोंड तरी बघितलंय का? पण वही पूर्ण पाहिजे, सही-शिक्का पाहिजे, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाहीत. तेव्हा पद्धत अशी, की वरच्या वर्षाच्या पोराचं जर्नल हातोहात फिरतं आणि सगळे त्यावरून उतरवतात. आणि उतरवायला पोरांना वेळ कुठला? आया लिहितात. पेणची एक बाई गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते, तिने पोराच्या वहीत अशा आकृत्या काढल्या होत्या की छापल्यासारख्या.

पोरीने केमिस्ट्रीचं जुनं जर्नल माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "आई, लिहिशील?"

लिहीन काय! मी त्याच दिवशी नवीन पेन आणलं. रोज दुपारी अंगणवाडी सुटली की पाय पसरून बसायचे आणि उतरवायचे. इंग्रजी शब्दांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अक्षरं तर ओळखीची होती. एकेक पान भरलं की मला वाटायचं, चला, एवढं तरी ओझं पोरीच्या डोक्यावरून उतरवलं.

एका संध्याकाळी तिने वही चाळली आणि तिचा चेहरा पडला. "आई, जरा घाण लिही ना."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्यासारखं. हे माझं अक्षर वाटत नाही. बाकीच्यांच्या आया पोरांचं बघून लिहितात."

तिचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढल्यासारखं. मी म्हटलं, "बरं." दोन ओळी मुद्दाम वेड्यावाकड्या काढून बघितल्या. तिसऱ्या ओळीला हात आपोआप सरळ आला. परत प्रयत्न केला, परत तेच. खरं सांगू का, हात वळत नव्हता हे निमित्त झालं. मलाच ते लिहवत नव्हतं. उभ्या आयुष्यात माझ्याकडे मिरवण्यासारखं एवढं एकच, आणि ते पोरीच्या कामी येत असताना मी घाण लिहू? मला मेलीला हौस. मी मनात म्हटलं, सुंदर वही बघून सर दोन मार्क जास्तच देतील. ती अभ्यासात बुडाली, पुन्हा काही बोलली नाही. मी शेवटचं पानसुद्धा सुवाच्य लिहून काढलं. कॉलेजच्या सरांनी एकेका पानावर सही ठोकली, वाचलं काहीच नाही. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

प्रॅक्टिकलच्या आधी कॉलेजने चार दिवस पोरांना प्रयोगशाळेत बोलावून काय ते दाखवलं. परीक्षेला बाहेरच्या कॉलेजचे सर आले होते. त्या दिवशी मी सुट्टी काढून कॉलेजच्या फाटकाबाहेर उभी होते. बाकीची पोरं हसत बाहेर पडली. ही सगळ्यात शेवटी आली, माझ्याकडे न बघता चालायला लागली. घरी येऊन पाणी प्यायली आणि मग सगळं एका दमात सांगितलं.

प्रयोग बरा झाला होता. नळीतून थेंब थेंब सोडायचे होते, रंगही बरोबर आला. मग सरांनी जर्नल उघडलं. एक पान बघितलं, दुसरं बघितलं, आणि शेजारी तिने आत्ताच लिहिलेली उत्तरपत्रिका ठेवली. म्हणाले, "हे कोणी लिहिलं?" ती म्हणाली, "मी." सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "यातली एक ओळ लिहून दाखव." तिने लिहिली. सरांनी तो कागद जर्नलच्या पानाशेजारी धरला. शेवटी हिनेच सांगितलं, "आईने."

"मग मार्क आईला देऊ का?" सर म्हणाले. आजूबाजूची पोरं हसली. त्यातल्या प्रत्येकाच्या आईने लिहिलं होतं!

मी म्हटलं, "मी जाते उद्या, त्या सरांच्या पाया पडते." ती एकदम ओरडली, "आई, नको! अजून शोभा नको." मग तोंड धुऊन फिजिक्स घेऊन बसली, कारण पुढच्या आठवड्यात लेखी सुरू होत होती. मी स्वयंपाकघरात उभी. भाकरी करायला घेतली आणि पीठ तसंच सोडलं. ह्यांना काही सांगितलं नाही. त्यांचा फोन आला तर म्हटलं, "बरं गेलं हाय." दुसरं काय येत होतं मला?

प्रवेश परीक्षेत तिने कमाल केली. त्या लाल यादीतली पोरगी, पण शेवटच्या दोन महिन्यांत हाडाची काडं केली आणि क्लासच्या सरांनी स्वतः फोन करून सांगितलं, रँक बसतोय, आता फक्त बारावीचा निकाल येऊ द्या. ते दिवस मी देवाला हात जोडून काढले. आमचे हे तर हॉस्टेलला गादी न्यावी लागते का, ते चार लोकांना विचारून आले.

निकाल दुपारी लागला. पंचाहत्तर टक्क्यांना चार मार्क कमी.

तिने तीनदा बेरीज केली. मग फोन माझ्या हातात दिला, जणू मला त्यातलं काही बदलता येणार होतं. निकालात केमिस्ट्रीसमोर एकच आकडा होता. लेखीचे किती, प्रॅक्टिकलचे किती, वेगळं काही लिहिलेलं नसतं. जर्नलपायी चार कापले, का दहा कापले, का काहीच कापले नाहीत, कसं कळणार? संध्याकाळी हे आले, निकाल बघितला आणि म्हणाले, "चार मार्कांनी काय होतं गो? सांगू आपण त्यांना." कोणाला सांगणार?

कॉलेजात गेलो दोघी. लेखी पेपर पुन्हा तपासायचा अर्ज करता येतो, तो केला. मार्क तेवढेच राहिले. मी धीर करून तिथल्या सरांना विचारलं, "आणि प्रॅक्टिकलचे?" ते म्हणाले, "ते नाही बघता येत, ताई. ते एकदा दिले की दिले." एवढं बोलून ते पुढच्या मुलाकडे वळले.

परत येताना ऊन मी म्हणत होतं. पोरगी माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. आता इथे नाहीतर तिथे, कुठल्या तरी कॉलेजात नाव घालायचं, इतकंच आमच्या हातात राहिलं होतं. मला राहवेना. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "बाय, तू सांगितलं होतंस मला. घाण लिही म्हणून. मीच नाय ऐकलं."

तिने शिवी दिली असती तरी मी घेतली असती. भर रस्त्यात ओरडली असती तरी चाललं असतं. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कधी?"

मी म्हटलं, "अगो, जर्नल लिहीत होते तेव्हा. संध्याकाळी."

"नाही आठवत," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन चालायला लागली.

पुस्तकंच्या पुस्तकं तोंडपाठ असलेली माझी पोरगी. तिला एवढंच कसं आठवत नाही?