चार मात्रांची शांतता

मुलीच्या नव्या गिटारची पेटी उघडली, लाकडाच्या पॉलिशचा वास आला आणि मी मनानं थेट पुण्यातल्या बिबवेवाडीला, बाईंच्या गाण्याच्या वर्गात जाऊन पोचले. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, सॉफ्टवेअर कंपनीत रुजू व्हायला आठवडाच उरला होता. त्या दिवशी वर्गात एक ब्राझिलियन गिटारवादक आला होता. स्वतःच्या रचनेसाठी त्याला आपल्याकडचा शास्त्रीय गळा हवा होता. बाईंनी मला पुढे केलं.

त्यानं आधी तंबोरा थांबवायला लावला. रचनेच्या मध्ये संथ लयीतल्या चार मात्रा गिटारही थांबणार होती आणि मीही गप्प राहायचं होतं. पण तंबोऱ्याशिवायची ती शांतता मला सोसेना. त्यानं तीनदा गाऊन घेतलं; तिन्ही वेळा मी तिथे आलाप भरला. त्यानं हसून गिटार पेटीत ठेवली.

“तुला गप्प बसायला शिकवायचं राहूनच गेलं,” बाई म्हणाल्या.

तेव्हा वाटलं, त्यालाच गाणं कळत नाही.

आज मोबाइलवर ती रचना शोधून लावली. दुसरीच कुणी गात होती. त्या चार मात्रा आल्या, ती थांबली, आणि माझा आलाप सुरू झाला.

“आई, थांब ना,” मुलगी म्हणाली. “ऐकू दे.”