शुईकाकांचं अंग काय मागत होतं

आमच्या घरात डॉक्टरांची कधीच कमी नव्हती. जेवायला बसणारे सगळेच गर्दुल्ले, कुणी सुटलेला, कुणी सुटू पाहणारा. साई-कुंग बंदराच्या पलीकडे खाडीच्या काठी एक बंद पडलेली गावशाळा आहे, तिथे चर्चच्या मोक पाळकांनी गर्द सोडवायला हे घर मांडलेलं. रस्ता नाही, बोटीनंच यायचं. औषध घरात येत नाही, डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही. नवा माणूस आला की त्याला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवायचं, जुन्यांपैकी एकानं सोबती म्हणून त्याला चिकटून राहायचं, अगदी संडासापर्यंत. अंग तुटायला लागलं की चौघांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि तो ओकला की पुसायचं. एवढं करून जो उठतो तो स्वतःला डॉक्टर समजू लागतो. फक्त एकाच रोगाचा, इतकंच.

त्यातले सगळ्यात मोठे डॉक्टर याउ काम-शुई, म्हणजे आमचे शुईकाका. जन्म नावेतला, तरुणपण गोदीत ओझी उचलण्यात गेलं, आणि पुढची तीस वर्षं गर्दमध्ये. कुठल्या तुरुंगात भात कच्चा आणि कुठल्या तुरुंगात करपलेला, हे ते जाणकारासारखं सांगायचे. घरात स्वैपाक आणि बाजार त्यांच्याकडे. मी आलो त्या पहिल्या सकाळी त्यांना म्हणालो, "काका, मला नाही जमायचं. मी घरी चाललो."

"जा की," पेज ढवळत ते म्हणाले. "पोहता येतं ना?"

दर नव्या वर्षाच्या सभेत ते उभे राहून एकच साक्ष द्यायचे. आईला कॅन्सर झाला होता. दुखण्यावर इस्पितळानं पातळ औषध दिलेलं. ते काका प्यायचे आणि बाटलीत साखरेचं पाणी भरून ठेवायचे. आई म्हणायची, "हल्ली औषध गोड देतात रे." एवढं सांगून काका थांबायचे आणि मग म्हणायचे, "मला देवाकडून एकच पाहिजे. मरताना अंगात काही नको. कोरं जायचंय." की लगेच चुलीवरचं भांडं बघायला निघून जायचे. नऊ वर्षं ते कोरे होते.

शरद ऋतूत त्यांचं जेवण तुटलं. पाठ धरून बसायचे, घाम फुटायचा, ओकाऱ्या. मोक पाळक तेव्हा शहरातल्या एकेका चर्चमध्ये घरासाठी मदत मागत फिरत होते. इकडे आमची डॉक्टरमंडळी जमली. घाम, ओकारी, पाठ, झोप नाही. याला वेगळी तपासणी कशाला? आम्हाला सगळ्यांना ते पाठ होतं.

आमच्यातला जाड्या ल्युंग काकांजवळ जाऊन बसला. "काका, खरं सांगा. मासळीबाजारात कुणी जुना दोस्त भेटला?"

"भेटला असता तर तुझ्यासाठी पण आणलं असतं," काका म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

त्यांची गादी उसवून पाहिली, तांदळाचा डबा उलटा केला. काही निघालं नाही. ल्युंग म्हणाला, "लपवण्यात त्यांचा हात धरणारा कोण आहे?"

खरी गंमत, म्हणजे तिला गंमत म्हणायचं असेल तर, पुढेच आहे. काकांना स्वतःलाच ते पटलं. मला म्हणाले, "घेतलेलं नाही रे मी. पण अंग मागत असणार. तीस वर्षं पोसलंय त्याला. ते काय नऊ वर्षांत विसरतंय होय?" आणि स्वतःची उशी काखेत मारून ते नव्या माणसाच्या खोलीत गेले. सोबती म्हणून मला बसवलं. आम्ही हात ठेवले, गाणी म्हटली, आल्याचं पाणी पाजलं. दुखणं जरा ओसरलं की ते देवाचे आभार मानायचे. आम्हीही मानायचो.

मोक पाळक बोटीतून उतरले, खोलीत आले आणि काकांचे डोळे पाहिले. पिवळेधमक.

"हे अंग मागत नाहीये, गाढवांनो!" ते ओरडले. "बोट थांबवा!"

स्वादुपिंडाचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. शहरात, काउलूनच्या इस्पितळातली डॉक्टर वयानं लहान होती. "आधी आणलं असतं तरी…" एवढंच म्हणाली आणि कागद चाळत राहिली. मग दुखण्यावर मॉर्फिन सुरू करू म्हणाली.

काका कण्हता कण्हता हसले. "बाई, याच्या थोरल्या भावाशी माझी जुनी ओळख आहे. नको."

मोक पाळक रोज येऊन बसायचे. "शुईदादा, हे औषध आहे."

"औषध घ्यायचं नाही हे तुझ्याच घरात शिकलो."

"ते वेगळं. देव रागावणार नाही."

"देवाचं कोण म्हणतंय?" काका म्हणाले. "माझ्या वाट्याचं मी कधीच संपवलंय. वर आईच्याही वाट्याचं."

 पाळक बाहेर जाऊन चहा घेऊन आले आणि तो तसाच हातात धरून बसले.

काका चादर चावायचे. चादर पुरेना तेव्हा ओरडू लागले. एका दुपारी शेजारच्या खाटेवरचा म्हातारा, कमरेचं हाड मोडलेला, तोंड फिरवून म्हणाला, "घे की रे बाबा एकदाचं! तुझा देव तुझ्याजवळ असेल, आम्हाला दोन घटका झोपू तरी दे."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग समोरच्या खाटेकडे, जिथे एकजण दोन्ही कान हातांनी दाबून पडला होता. "खरंच की," ते म्हणाले. "माफ करा हं." आणि नर्सपुढे दंड केला. पाळकांच्या इतक्या दिवसांच्या विनवण्या एकीकडे आणि त्या म्हाताऱ्याचं वसकन अंगावर येणं एकीकडे.

थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. बोटं सुटी झाली. मी विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?"

"हो." डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळलं. "तसंच आहे रे. अगदी तसंच. मला वाटलं होतं, एवढ्या प्रार्थना केल्या, देवानं चव तरी बदलली असेल."

ल्युंग उठून जिन्यात गेला.

त्यानंतर ओरडणं थांबलं, शेजारचा म्हातारा घोरू लागला. पण काकांचं तोंड आता दाराकडे असायचं. नर्सच्या सपातांचा आवाज आला की डोळे उघडायचे, तिच्या हातातल्या तबकावर खिळायचे, आणि ती दुसऱ्याच खाटेकडे वळली की मिटायचे. ती नजर आमच्या घरातल्या प्रत्येकानं आरशात पाहिलेली आहे. पाळक खाटेच्या दाराकडच्या बाजूला बसू लागले, बहुधा मुद्दामच. काका त्यांच्या खांद्यावरून बघायचे.

शेवटच्या दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला वजनच नव्हतं.

"आली का ती?"

"येईल, काका. अजून वेळ आहे."

"वेळ राहू दे." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. पाळकांकडे पाहिलं नाही. "तू जा. तिला म्हणावं, फार दुखतंय."

तेव्हा त्यांना दुखत नव्हतं. चेहरा बघून कुणालाही कळलं असतं. मी मोक पाळकांकडे पाहिलं. ते मांडीवरच्या बायबलकडे बघत होते, पान उलटत नव्हते.

मी उठलो आणि नर्सला बोलवायला गेलो.