काकांची कंबर आणि तळलेला कांदा

शिंप्याच्या दुकानात चिंध्या आणि किस्से कोणी मुद्दाम ठेवत नाही, मशीनखाली आपोआप साठतात. म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या आमच्या दुकानातले निम्मे किस्से माझ्या काकांचे, आणि ते सगळे तळलेल्या कांद्याचे. काका कापड कापतात, काकू बायकांची मापं घेते, मी शिवतो.

काकांना कुरकुरीत कांदा कशावरही चालतो. बिसीबेळे भात, उप्पीट, दहीभात. एकदा पायसावर, म्हणजे चक्क खिरीवर, टाकताना काकूनं हात धरला.

*

शुगर वाढली तेव्हा मी त्यांना डाएटिशियनकडे नेलं. "कांद्यात फायबर असतं, खा. पण तळू नका," ती म्हणाली.

"तळल्यावर पाणी उडून जातं ना मॅडम? म्हणजे हलकाच झाला की."

"पाणी जातं आणि तिथे तेल येऊन बसतं."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "पोरगी हुशार आहे. स्वयंपाक येत नसावा."

*

आम्ही विठ्ठलाची माणसं. चातुर्मासात कांदा बंद, म्हणून त्याआधी कांदेनवमीला पोटभर खाऊन घ्यायचा. काकांनी भिंतीवर दोन कॅलेंडरं लावलीत, एक म्हैसूरचं, एक पुण्याचं. नवमी एका दिवसानं पुढेमागे झाली की दोन्ही पाळतात. "देवाच्या कामात रिस्क नको."

*

गेल्या चातुर्मासात काका जयलक्ष्मीपुरमच्या गिऱ्हाइकांचे ब्लाऊज स्वतः पोचवू लागले. येताना तोंडात बडीशेप. काकूला बडीशेपेमागची कांदाभजी बरोबर कळली.

"साकु!" काकू कानडीत कडाडली. "पुरे झालं. आता दर एकादशीला कंबर मोजणार. वाढली, तर पुढची कांदेनवमी रद्द!"

काकांचं तोंड एवढंसं झालं.

*

पण कंबर वाढेना. उलट उतरली. काकू खूश.

आणि मग घट्ट झालेले ब्लाऊज परत येऊ लागले. काकू प्रत्येकीला बजावायची, "तळलेलं कमी करा हो." काका मान खाली घालून कापत बसायचे. शेवटी एक हेडमिस्ट्रेस चिडून घरची टेप घेऊन आल्या. दोन्ही टेपा टेबलावर शेजारी ठेवल्या, तर आमची चांगली चार बोटं लांब.

काकांनी टेपला जुनी कोळशाची इस्त्री बांधून ती खिळ्याला टांगली होती. ताणलेल्या टेपवर कंबर बारीक भरते. कापड ते स्टीलच्या पट्टीनं कापतात, पण काकू बायकांची मापं त्याच टेपनं घेते, हे बिचारे विसरले.

कार्तिकीसाठी काकूनं स्वतः काकांना नवी पँट शिवली. "माप तुमच्याच टेपचं आहे," एवढंच म्हणाली.

कार्तिकीला देवळात भजन रंगलं. सगळे बसले, काका मात्र टाळ घेऊन शेवटपर्यंत उभे. फराळालाही बसले नाहीत. शेजारच्या आजोबांनी डोळे पुसले. "काय भक्ती आहे हो यांची!"

काकूनं हात जोडले. "सगळी विठ्ठलाची कृपा."