हस्केलमामाची शेवटची ओव्हर

हस्केलमामाने अंपायरकीसाठीची डोळ्यांची तपासणी कानांनी पास केली. दिमोन्याच्या दवाखान्यात त्याच्या आधीचा नंबर रजेवर आलेल्या एका शिपायाचा होता. तो तक्त्यावरची अक्षरं वरपासून खालपर्यंत मोठमोठ्याने वाचत होता आणि मामा दाराबाहेरच्या बाकावर बसून ती पाठ करत होता. आत गेल्यावर त्याने शेवटच्या तीन ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाली, "अठ्ठावन्नाव्या वर्षी अशी नजर? नशीब काढलंत!"

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा सेगुलामामी बिरड्याचे वाल सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

"तक्ता पाठ केलास. आता बॉल पण पाठ करणार?"

"एवढी मकाबिया होऊ दे गे. मग तू म्हणशील तिथे डोळे कापून घेतो."

मामीला ठाऊक होतं. कित्येक महिने तो चहा कपाच्या बाहेर ओतत होता. आम्हाला कुणाला ती बोलली नव्हती.

हस्केल वाक्रुळकर हा माझ्या आईचा भाऊ. रेवदंड्याहून इस्राएलला आला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बोट हैफ्याला लागली, तिथून ट्रकने थेट वाळवंटात, दिमोन्याला आणून सोडलं, आणि पुढच्या वर्षी गिरणी सुरू झाली तेव्हा मागावर उभा राहिला तो राहिलाच. त्याने आणि आमच्या चार-पाच बेने इस्राएल, म्हणजे कोकणी ज्यू घरांतल्या पोरांनी खोक्याच्या फळीची बॅट करून क्रिकेट सुरू केलं. शेजारचे मोरोक्कन आणि रुमानियन लोक खिडकीत बसून हसायचे. मग मागात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि बॉलिंग सुटली. तेव्हापासून तो अंपायर. गिरणीत तो तीनशेतला एक होता. पांढरा कोट घातला की लोदचे, अश्दोदचे दांडगे गडीसुद्धा त्याच्यापुढे आवाज खाली करायचे. तो कोट काढणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मी ओरा. मी स्कोअर लिहिते. माझा भाऊ ओदेद इस्राएलच्या संघातून खेळायचा, म्हणजे अंपायरचा सख्खा भाचा. पण आमच्या देशात क्रिकेट कळणारे अंपायर मोजून सहा आणि खेळाडू त्यांचेच कोणी ना कोणी, त्यामुळे त्यावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं.

मकाबिया म्हणजे जगभरच्या ज्यू खेळाडूंची चार वर्षांनी एकदा इस्राएलात भरणारी स्पर्धा. पोहणारे, धावणारे, कुस्तीवाले सगळे तेल अवीवकडे. टीव्हीवाले, मंत्री, गर्दी, सगळं तिकडे. क्रिकेट बीअरशेवाच्या कडेला एका मैदानावर, सिमेंटवर चटई अंथरून. तिसऱ्या क्रमांकाची लढत इंग्लंडशी होती. जिंकलो तर कांस्यपदक. आमच्या संघाला त्याआधी कधी काहीच मिळालेलं नव्हतं. दिमोन्याहून दोन बसगाड्या भरून लोक आले होते, डब्यांत पोहे आणि थर्मासात काळा चहा घेऊन.

सामना सुरू होण्याआधी मला पहिला धक्का बसला. इंग्लंडचा कप्तान लिपमन, हा मँचेस्टरचा दातांचा डॉक्टर, ताडासारखा उंच. मामा आदल्या दिवशी त्याच्याशी तासभर बोलला होता. आज तो समोरून हसत आला, तर मामाने मान वळवून त्याच्या शेजारच्या बुटक्या माणसाला म्हटलं, "गुड मॉर्निंग, कॅप्टन."

बुटका हसला. लिपमन हसला. मी हसले नाही.

नंतर तीन वेळा त्याने माझ्या टेबलाऐवजी पाण्याच्या पिंपाकडे बघून चौकाराची खूण केली. मी हात वर करून दाखवला तरी तो खूण करतच राहिला. शेवटी "लिहिलं, मामा!" असं ओरडले, तेव्हा थांबला.

इंग्लंडचा एड्रियन झेल्किन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा फार सुरेख खेळत होता. एकाहत्तर झाले होते. आमच्या बॉलरचा एक बॉल बाहेर जाता जाता काहीतरी 'टक्' झालं, विकेटकीपरने झेल घेतला, सगळे ओरडले. मामाने थोडा वेळ घेतला आणि बोट वर केलं. पोरगा तिथेच उभा. बॅटकडे बघतोय, पॅडकडे बघतोय. मग डोकं खाली घालून निघाला. माझ्या टेबलापासून चार हातांवर येऊन बसला, हेल्मेट मांडीवर घेऊन, आणि कुणाशी न बोलता रडला. त्याची आजी लंडनहून त्याच्यासाठी आली होती. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

इंग्लंड सगळे बाद एकशे ब्याण्णव.

जेवणाच्या सुट्टीत मी मामाला तंबूमागे गाठलं. तो पिता-पोळी हातात घेऊन नुसता उभा होता, तोंडात घास नाही.

"मामा, माझ्या हाताची बोटं किती?"

"चावटपणा करू नको."

"किती?"

तो डोळे बारीक करून बघत राहिला. मी हात पाठीमागे ठेवला होता, पुढे केलाच नव्हता.

"तीन," तो म्हणाला.

मला रडू फुटलं. त्याने ओळखलं, काय झालं ते. खाली बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन-अडीच वर्षं. आधी नुसतं धूसर होतं. या उन्हाळ्यात वाढलं. ऊन समोरून आलं की सगळं पांढरं दिसतं."

"तो पोरगा आउट होता?"

"आवाज आला."

"कशाचा आवाज?"

"ते मला कसं कळणार, ओरा?" तो एकदम ओरडला आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "बॅट लागली असेल. पॅडला लागली असेल. चटईला लागली असेल."

"मग सांग जाऊन. आत्ता. डोकं दुखतं म्हण, पोट दुखतं म्हण."

"उभा कोण राहील? सहातले दोघं तेल अवीवला आपापल्या पोरांच्या शर्यती बघायला गेलेत, एकाचं सुतक, एक खेळतोय. आणि मी गेलो की ओदेदच्या बॅटिंगला अंपायर पळाला असं म्हणतील. तीन तास राहिले फक्त. होऊन जाईल."

तेव्हा मी लिपमनकडे जायला हवं होतं. गेले नाही. दोन बसगाड्यांतली माणसं, आई, ते पदक, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी निमूट जाऊन टेबलावर बसले आणि नवं पान काढलं.

पुढचे तीन तास मी स्कोअर लिहिला असं वहीत दिसतं. मला आठवतं ते एवढंच, की मामाच्या टोकाकडून बॉलर धावत निघाला की माझा श्वास अडकायचा आणि बॉल विकेटकीपरच्या हातात गेला की सुटायचा. एकदा आमच्या बॅट्समनने सरळ फटका मारला, तो बॉल मामाच्या कानाशी सणाणत गेला. मामा हललासुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, वाघ आहे वाघ!" माझ्या मागे कोणी म्हणालं. सेगुलामामी माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळी तिथे वळ दिसत होते. तेव्हा मला कळलं की तिलाही माहीत आहे, आणि तिला कळलं की मलाही.

ओदेद सत्तेचाळीसवर खेळत होता. दुसऱ्या बाजूने माणसं येत होती आणि जात होती. शेवटची ओव्हर, शेवटची जोडी, जिंकायला पाच. दोन बॉल वाया गेले. चार उरले. मामा बॉलरच्या बाजूला, आणि बीअरशेवाचं चार वाजताचं ऊन थेट त्याच्या तोंडावर.

तिसरा बॉल खाली राहिला. ओदेदच्या पॅडवर आदळल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. अकराच्या अकरा जण ओरडले. बॉलर गुडघ्यावर बसून, दोन्ही हात पसरून, मामाकडे बघत ओरडत राहिला.

मामाने बोट वर केलं नाही. मानही हलवली नाही. तसाच उभा. ओरडणं थांबलं.

मग त्याने पलीकडे स्क्वेअर लेगला उभ्या असलेल्या दुसऱ्या अंपायरला, बिन्यामीनला, विचारलं, "तुला काही दिसलं?"

"मला इथून कसं दिसणार, हस्केल? रेषेत तू आहेस."

गिरणीच्या खडखडाटात बोलून बोलून मामाचा आवाज मोठा झालेला होता. तो जे बोलला ते कडेला बसलेल्या प्रत्येकाने ऐकलं.

"मी पाहिलं नाही. पाहिलं नाही त्याला आउट देता येत नाही. नॉट आउट."

लिपमन धावत आला. "पाहिलं नाही म्हणजे? तुम्ही तर समोर उभे आहात!"

"माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, साहेब. मला सकाळपासून बॉल दिसत नाहीये. तुमचा तो एकाहत्तरवाला पोरगा... तो पण मी आवाजावर दिला."

आमचा कप्तान लांबून पळत आला आणि मराठीत ओरडला, "मामा, वेड लागलंय का? तीन बॉल राहिलेत! नंतर सांगायचं होतं!"

"नंतर सांगितलं असतं तर तू जिंकला असतास ना," मामा म्हणाला. त्याने कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. तीन बोटांच्या हाताने ती लवकर निघेनात. कुणी पुढे झालं नाही. सगळा खेळ थांबवून मैदानातली पंधरा-सोळा माणसं एका म्हाताऱ्याला बटणं काढताना बघत होती. शेवटी बिन्यामीनने येऊन काढली.

"तुमचा माणूस उभा करा," मामाने लिपमनला सांगितलं. "आमच्याकडे दुसरा नाही."

अंपायर बदलल्याची नोंद करायला मला वही घेऊन आत जावं लागलं. ओदेद बॅटवर रेलून उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी जवळून गेले तेव्हा तो दातांवर दात ठेवून म्हणाला, "तुला माहीत होतं?" मी वहीत नोंद करत पुढे गेले.

इंग्लंडचा मॅनेजर कोट घालून उभा राहिला. पुढच्या बॉलवर ओदेदने दोन धावा काढल्या. पन्नासला एक कमी, जिंकायला तीन हव्यात. त्याच्या पुढच्या बॉलवर त्याने डोळे मिटून बॅट फिरवली आणि मधली दांडी उखडून मागे जाऊन पडली. तिथे अंपायरची गरजच नव्हती.

दोन धावांनी हरलो.

परत येताना मामा पहिल्या बसमध्ये चढला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "बघून चढ, मामा, पायरी आहे." कुणी हसलं. मामी तिथल्या तिथे वळली. "हस, हस. दोन वर्षं ह्याच्या बोटावर सामने जिंकलास तेव्हा नाही दिसला आंधळा?" ओदेद दुसऱ्या बसमध्ये बसला.

सप्टेंबरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, हिवाळ्यात दुसऱ्याचं. दिसायला लागल्यावर मामा खूश व्हायच्याऐवजी सुकत चालला. दिवसभर माझ्या जुन्या वह्या मागवून बसायचा. दोन-अडीच वर्षांतल्या सगळ्या सामन्यांतले, त्याने दिलेले एलबी आणि झेल, एकूण एक्केचाळीस, त्याने कागदावर उतरवले. नावं, तारखा. मग म्हणाला, "ह्यांच्याकडे जाऊन येतो."

एड्रियन झेल्किनला त्याने पत्र लिहिलं. म्हणजे तो बोलला, मी इंग्रजीत लिहिलं, चार वेळा खोडून. उत्तर आलं नाही. मामा दोन महिने पोस्टाची पेटी बघत होता, मग थांबला.

बाकीच्यांकडे मात्र तो गेला. कुणी मिठी मारली. कुणाला काही आठवतच नव्हतं. लोदच्या एकाने दारातूनच परत पाठवलं, "तेव्हा यायचं होतं." अश्दोदला जायचं होतं तेव्हा बसचा संप होता आणि गाडी फक्त ओदेदकडे होती. सात महिने तो मामाशी बोलला नव्हता. आईने त्याला काय सांगितलं देव जाणे. सकाळी येऊन त्याने नुसता हॉर्न वाजवला. मीही मागे बसले.

अश्दोदचा एफ्राइम पेणकर, बंदरावर क्रेन चालवणारा, दोन वर्षं मामाला सगळीकडे शिव्या घालत हिंडत होता. लीगच्या फायनलमध्ये त्याला मामाने झेलबाद दिलं होतं. त्याने आम्हाला बसवलं, बायकोने गव्हाच्या चिकाचा हलवा आणला. मामाने कागद काढून माफी मागितली. एफ्राइम हलव्याकडे बघत राहिला.

"लागली होती," तो म्हणाला.

"काय?"

"बॅट लागली होती, मामा. चांगली लागली होती."

"मग दोन वर्षं मला शिव्या कशाला घातल्यास, मेल्या?"

"राग आला होता ना. सासरे आले होते बघायला."

मामा हसला नाही, पण त्याने दोनदा हलवा मागून घेतला.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. बाहेर ऊन होतं, आणि मामा चष्मा न लावता रस्त्यावरच्या पाट्या एकेक करून वाचत होता. मग ओदेद रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "मी आउट होतो."

"कधी?"

"तिसऱ्या बॉलला. मधल्या दांडीसमोर होता पाय. बॉल लागला तेव्हाच मला कळलं होतं."

मामाने त्याच्याकडे मान वळवली. चांगलं पाहिलं त्याच्याकडे.

"तू आपणहून चालू लागला असतास तर," तो म्हणाला, "मला कोट काढावा लागला नसता."

"हो."

"आणि मी कोट काढला नसता तर अजून आंधळाच उभा राहिलो असतो."

पुढे पेट्रोल पंप आला. मामा म्हणाला, "इथे थांब. घसा सुकलाय. तिघांना थंड काहीतरी घेऊन ये."