राजा वाक्य विसरला

देऊळघाटच्या आमच्या गल्लीतले टेलरकाका गावच्या नाटकात दरवर्षी राजा होतात. गर्वापायी कुणाचं ऐकत नाही आणि शेवटी मरतो, असा राजा. विंगेत काकू वाक्यं सांगायला उभ्या असतात, पण काका तिकडे बघतही नाहीत. "मले कोनी सांगाचं काम नाही," म्हणतात.

यंदा मरायच्या आधीचं वाक्यच ते विसरले. काकू कुजबुजत राहिल्या, काका ताठ उभे. शेवटी ते विंगेकडे वळले आणि राजाच्या आवाजात म्हणाले, "राणीसरकार, आमचा गर्वच आम्हाले नडला. पुढचं सांगा!"

टाळ्या थांबेचनात. काकूंनी सांगितलं, तेव्हा कुठे राजा मेला.

सकाळी मी पँट आणायला गेलो. मशीनवरून मान न उचलता काका म्हणाले, "मी नाही विसरलो बे. राजा विसरला."